काळ्या पट्टीखालचा टोन

हे मी बोटांनी लिहिलेलं नाही. मी फोनसमोर बोलतो, फोन टाइप करतो आणि माझी बायको कल्पना संध्याकाळी त्यातल्या चुका काढते. काही वाक्यांपुढे तिने 'हे कशाला?' असं लिहून ठेवलं होतं. ती वाक्यं मी तशीच राहू दिली आहेत.

ज्यांच्या घरात हा आजार नुकताच शिरला आहे, त्यांच्यासाठी लिहितो आहे. धीर देण्यासाठी नाही. धीर देणारे दवाखान्यासमोरच्या टपरीवर ढिगाने भेटतात. त्यांच्यातल्या प्रत्येकाचा कोणीतरी मेव्हणा याच आजारातून उठून आता रोज सकाळी पळायला जात असतो. मी पळत नाही. काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जातो. शर्टाची बटणं कल्पना लावते. माझ्यासारखेही असतात, एवढं तरी कुठे लिहिलेलं असावं म्हणून हा खटाटोप.

आधी मी कोण होतो

नागपूरच्या गांधीबागेत एका ठोक कापड दुकानात साड्यांच्या काउंटरवर होतो. ते पोटासाठी. बाकी मी धुमालवाला.

नागपूरबाहेरच्यांना सांगायला हवं. धुमाल म्हणजे आमच्याकडची वाजंत्री, पण विजेवर चालणारी. एका गाडीवर जनरेटर, भोंगे, मोठाले स्पीकर, आणि त्यांच्यामध्ये कीबोर्डवाला, काठ्यांनी विजेचे पॅड बडवणारा ऑक्टापॅडवाला, तारांचं वाद्य घेतलेला बेंजोवाला. वरात असो की देवीची मिरवणूक, गाडी हळूहळू सरकते आणि पुढे लोक नाचतात. शिकलेली माणसं खिडक्या लावून घेतात. पण याच शहरात असे शौकीन आहेत की गाडी दुसऱ्या गल्लीत असतानाच, नुसत्या आवाजावरून, आज कीबोर्डवर कोण आहे ते सांगतात.

मी कीबोर्डवर असायचो. आमच्यात नुसत्या वाजवणाऱ्याला कोणी विचारत नाही, स्वतःचा टोन लागतो. दोन-तीन आवाज एकमेकांत मिसळून, बटणं फिरवून फिरवून आपला असा एक आवाज बनवायचा, तो टोन. कोणाचा सनईसारखा नाकात बोलतो, कोणाचा पत्र्यावर मारल्यासारखा कडक असतो. बनवलेला टोन कोणाला द्यायचा नाही, हा रिवाज. पेन ड्राइव्हमध्येही ठेवायचा नाही, कारण पेन ड्राइव्ह आज आपल्या गाडीवर आणि उद्या दुसऱ्याच्या. टोन कीबोर्डच्या पोटातच राहणार. शिवाय मोबाईलवर व्हिडिओ काढणाऱ्यांना टोनचा नंबर दिसू नये म्हणून कीबोर्डच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावायची. माझी पट्टी इतकी जुनी होती की तिच्याखाली स्क्रीन आहे हे नव्या माणसाला सांगावं लागायचं. मी बटणं सवयीने दाबायचो.

मला नवं सुचायचं ते दुसऱ्या गाडीमुळे. चौकात दोन पार्ट्यांच्या, म्हणजे धुमालवाल्यांच्या दोन संचांच्या, गाड्या समोरासमोर आल्या की दोन्ही थांबतात आणि एकमेकांवर वाजवतात. माझ्यासमोर बहुतेक वेळा गोलू असायचा. दुसऱ्या पार्टीचा कीबोर्डवाला, माझ्यापेक्षा बराच लहान, कान अतिशय तेज. मी नवा टोन काढला की हा पठ्ठ्या शौकिनांचे व्हिडिओ ऐकून ऐकून पुढच्या मिरवणुकीत तोच टोन माझ्याच अंगावर वाजवायचा. माझं डोकं फिरायचं. मग घरी येऊन मी दुसरा बनवायला बसायचो. त्याने चोरले नसते, तर मी पहिल्याच टोनवर म्हातारा झालो असतो.

सगळ्यात जास्त नाव झालं ते 'रडक्या'चं. हे नाव शौकिनांनी दिलं. मुलीची पाठवणी असली की मी तो काढायचो. सूर खालून हुंदक्यासारखा वर चढायचा. नवरीकडच्या बायका तर रडायच्याच, एकदा घोडीवाल्यालाही मी रुमाल काढताना पाहिलं. तो मला सापडला एका म्हाताऱ्या बेंजोवाल्यामुळे. नागपूरच्या उन्हात त्याची तार ढिली पडली होती आणि सूर घसरत घसरत जागेवर येत होता. सगळे त्याला हसत होते. माझ्या अंगावर तेव्हा काटा आला आणि घरी आल्यावर तो घसरलेला सूर कीबोर्डवर आणल्याशिवाय मी जेवलो नाही. गोलूने माझं सगळं उचललं, पण रडका त्याला कधी जमला नाही.

चप्पल

उन्हाळ्यातल्या एका वरातीत गाडीवर उभा असताना तळपायाला मुंग्या येऊ लागल्या. त्याआधी पोट बिघडलं होतं, पण ते बरं होऊन गेलं होतं. मी बुटांना दोष दिला. दुसऱ्या दिवशी चप्पल पायात राहीना. चालताना ती मागे राहायची आणि मी पुढे जायचो. कल्पना हसली, मीही हसलो.

दुकानात साड्यांचा गठ्ठा हातातून सुटला. शेठ म्हणाला, "काहून गा, जेवून नाही आला का?" जेवणाच्या सुट्टीनंतर पायरी चढताना गुडघा दुमडला आणि मी बसलो तो बसलोच. दुकानातल्या दोघांनी उचलून ऑटोत घातलं आणि धंतोलीला नेलं. तिथे गल्लीगल्लीत दवाखाने आहेत, आणि यवतमाळ-गडचिरोलीकडून आलेली माणसं फुटपाथवर डबे उघडून बसलेली असतात. त्या दिवसापर्यंत मी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला नाही. सुया टोचून करंट दिला, पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. मग कल्पनाला आत बोलावून सांगितलं की याला जीबीएस म्हणतात. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच नसांवर उलटते. "बहुतेक पेशंट बरे होतात," डॉक्टर म्हणाले. "पण आधी आणखी बिघडेल."

कल्पनाने 'बरे होतात' एवढं धरलं. मी 'बहुतेक' पाशी अडकलो.

ती म्हणाली, "हात तं चांगले हायेत ना यांचे? हे वाजवतात, म्हणून इचारलं."

डॉक्टरांनी आपली दोन बोटं माझ्या मुठीत दिली आणि दाबा म्हणाले. मी जीव खाऊन दाबली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

आयसीयू

कमरेपर्यंत आलेलं छातीपर्यंत चढलं. श्वास घेणं हे काम आहे हे मला तेव्हा कळलं. मग मशीनचा श्वास आला, पुढे गळ्याला भोक पाडून नळी बसवली. हात, पाय, जीभ, काहीच हलेना. फक्त पापण्या. आणि आत मी पूर्ण जागा होतो. घरच्यांनो, हे लक्षात ठेवा. तुमचा माणूस मातीच्या गोळ्यासारखा पडलेला दिसला तरी त्याला सगळं ऐकू येतं. खाटेजवळ उभं राहून खर्चाचं बोलू नका, आणि 'आज चेहरा छान दिसतोय' असंही म्हणू नका.

ज्याला आवाजांचा नाद, त्याला आयसीयूतल्या मशीनच्या टिकटिकीत संगीत सापडलं, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण ती शुद्ध थाप होईल. शेजारच्या खाटेचा आणि माझा मॉनिटर, दोघांचे सूर एकमेकांना लागून नव्हते, आणि ती खोट मी दिवसभर ऐकत होतो. कान मिटता येत नाहीत. त्या आवाजात मला काही म्हणजे काही सुचलं नाही.

भीतीपेक्षा जास्त छळलं पंख्याने. त्याचा वारा सरळ उघड्या डोळ्यांवर यायचा. कल्पनाने एक युक्ती काढली. ती क, ख, ग म्हणत जायची, बरोबर अक्षराला मी पापणी मिटायची, मग काना-मात्रा. माझा पहिला शब्द ऐकायला माझी बहीण काटोलहून आली होती. नवरा काहीतरी मोठं बोलणार म्हणून कल्पना पदराने डोळे पुसत होती. मी 'पंखा' म्हणालो. सिस्टरने पंखा वळवला. त्या वळवलेल्या पंख्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आता कल्पनाने ज्याच्यापुढे दोनदा 'कशाला?' लिहिलं, ते सांगतो. एका दुपारी तिने अक्षरं सुरू केली. मी 'म'ला पापणी मिटली. पुढचं अक्षर 'र', आणि त्याला उकार. तिसऱ्या अक्षरासाठी ती पुन्हा 'क'पासून निघाली आणि मध्येच थांबली. तिला कळलं होतं. तिने ते अक्षर पुढे विचारलंच नाही. पिशवीतून तेल काढून माझ्या पायांना चोळत बसली. दुसऱ्या दिवशी आली ती पुन्हा 'क'पासून, जणू काही झालंच नाही. मीही तो शब्द पुन्हा सुरू केला नाही. पण मनातून तो पुसला गेला असं नाही, आणि आजही नाही.

पट्टी

मशीन सुटलं, नळी निघाली, आवाज घोगरा का होईना परत आला. घरी आलो तेव्हा गणपती बसायचे होते. सकाळी फिजिओथेरपीवाल्या ताई यायच्या. त्यांनी मऊ गोळा दाबायला सांगितला, तर कल्पना रोज पोळ्यांची कणीक भिजवली की आधी माझ्या हातात द्यायची. मी दाबायचो. कणकेवर खूण उमटायची नाही, मग थोडी उमटू लागली. त्याच कणकेच्या पोळ्या आम्ही खायचो. पाय परत येत होते, खांदे येत होते. बोटं येत नव्हती.

मला एकच गोष्ट हवी होती. बाकी लंगडा राहिलो तरी चालेल, बोटं परत यावीत. माझे टोन कीबोर्डमध्ये सुरक्षित आहेत, पार्टीकडे आहेत, फक्त त्यांच्यापर्यंत पोचायचं आहे, असं मी स्वतःला सांगायचो. कणीक दाबताना मनात टोनची नावं घ्यायचो.

मिरवणुका संपल्यावर आमच्या पार्टीचे मालक विलासभाऊ आले. सफरचंदं टेबलावर ठेवली आणि खुर्चीत अवघडून बसले.

"प्रमोद, एक गोष्ट सांगाची होती. रागावू नको गा."

"बोला."

"तुया जागेवर एक जण बसवला होता. भर मिरवणुकीत कीबोर्डचा एक सूर अटकला. बंदच होऊन नाही राहिला. त्यानं कोणाले फोन लावला, तं तो म्हणे दोन बटनं संग दाबा. दाबले. मंग स्क्रीनवर काही इचारलं असन कीबोर्डनं, सगळं पुसू काय म्हणून. आमाले काय दिसते? वर पट्टी. त्यानं तेच बटन पुन्हा दाबलं."

"पट्टी काढून पाहाची ना, भाऊ."

"तुयी पट्टी होती गा. तुले न इचारता कशी काढाव?"

त्यांनी मान खाली घातली होती. माणसाने माझा भरोसा राखला होता, आणि तो राखताना माझी सगळी कमाई पुसून टाकली होती. कीबोर्ड कंपनीतून आला तसा कोरा झाला होता. भांडायला जागा नव्हती.

"रडका बी गेला," विलासभाऊ म्हणाले.

त्यावर मी काही बोललो नाही. का ते पुढे सांगतो.

ते गेल्यावर कल्पनाने कणीक आणली. मी ती हाताने ढकलली, म्हणजे ढकलायला गेलो आणि परात खाली पडली. आजारपणात पहिल्यांदा ती माझ्यावर चिडली. "माणूस जित्ता घरी आला म्हणून मी देवाले नारळ फोडून राहिली, अन् तुमी त्या डब्यासाठी रडून राहिले." मीही बोललो. बोलू नये ते बोललो. पुढचे दोन दिवस आमच्या घरात फक्त टीव्ही बोलत होता.

शेवटची तपासणी

थंडीत पुन्हा करंटची तपासणी झाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. नसांच्या वरचं आवरण जळतं तेव्हा ते परत येतं. माझ्या हाताच्या बारीक स्नायूंकडे जाणाऱ्या नसा आतूनच जळल्या होत्या. चमचा धरता येईल, फोन धरता येईल. अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांस असतं तिथे माझ्या हाताला खळगा पडला होता. त्यांनी तो बोटाने दाखवला.

"किती दिवसांनी..." कल्पनाने विचारायला सुरुवात केली.

"ताई, आता जे आहे त्यावरच पुढचं बसवायचं."

परतताना ऑटोत ती माझा हात हातात घेऊन बसली होती. त्या हाताला तिचा हात नीटसा कळतही नव्हता. त्या महिन्यात मी माझा आपला भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. फिजिओथेरपीच्या ताईंना येऊ नका म्हणालो. शौकिनांच्या ग्रुपमधून बाहेर पडलो. खरं सांगायचं तर आयसीयूत राहिलेलं ते तिसरं अक्षर मी मनात रोज पूर्ण करत होतो.

गोलू

एका रविवारी दुपारी दार वाजलं. गोलू होता, खांद्यावर स्वतःचा कीबोर्ड. इतक्या वर्षांत तो माझ्या घरी कधी आला नव्हता. आम्ही एकमेकांना फक्त दोन गाड्यांच्या अंतरावरून ओळखत होतो.

"प्रमोदभाऊ, तुमचे टोन आणले," तो म्हणाला. चहा नको, पाणी नको. पलंगाच्या बाजूला स्टुलावर कीबोर्ड ठेवला, तार लावली. त्याच्या स्क्रीनवरची पट्टी त्याने काढलेली होती.

आणि त्याने एकेक वाजवायला घेतला. माझा पहिला सनईवाला. नंतरचा पत्र्याचा. मी विसरून गेलेले दोन. जे जे मी बनवलं होतं आणि ज्याच्यासाठी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, ते सगळं त्याने जपून ठेवलं होतं. एका टोनमध्ये बारीक खरखर होती. माझ्या टोनमध्ये ती नव्हती. मग आठवलं, त्या हंगामात आमचा डावा स्पीकर फाटला होता. व्हिडिओत ती खरखर आली, आणि गोलूने मेहनत घेऊन तीही टोनमध्ये बनवली होती. आजारी पडल्यापासून मी पहिल्यांदा पोटातून हसलो. गळ्याच्या व्रणाला ताण बसला.

"ते काढ," मी म्हणालो. "अन् शेवटी आवाज थोडा लांबव."

त्याने केलं. मी म्हणालो, आणखी. तो बटण फिरवत गेला, मी सांगत गेलो. मला डोक्यात एक नवाच आवाज ऐकू येऊ लागला, कधीच न बनवलेला. मी हात पुढे केला, आणि हात आपल्या जागी पडला. ती दुपार चांगली होती असं मी म्हणेन. पण जे सुचत होतं ते प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या बोटाकडे मागावं लागत होतं.

शेवटी तो म्हणाला, "भाऊ, रडकाच नाही जमला. किती वर्षापासून शोधून राहिलो. काय टाकलं होतं त्याच्यात?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, कल्पनालाही नाही.

"काहीच नाही टाकलं. तो कंपनीचाच टोन होये. तुया कीबोर्डमधी बी आहे. पहिल्या पानावर."

त्याने लगेच पहिलं पान काढून पाहिलं. "मंग पट्टी काहून लावत होते?"

"त्याच्यासाठीच."

विलासभाऊ म्हणाले रडका गेला, तेव्हा मी म्हणूनच गप्प होतो. पुसापुशीत बाकी सगळे गेले होते, तो गेला नव्हता. तो कीबोर्डमध्ये नव्हताच. कीबोर्डच्या डाव्या बाजूला सूर खाली ओढायची एक दांडी असते. बाकी सगळे जण ती सूर वाजल्यावर ओढतात. मी ती अंगठ्याने आधीच ओढून धरायचो, मग सूर दाबायचो, आणि दांडी इतकी सावकाश सोडायचो की सूर रडत रडत वर यायचा. एवढंच. सगळी करामत डाव्या अंगठ्याची. आणि आता तिथे खळगा आहे.

गोलूने टोन लावला, दांडी ओढली, सोडली. सूर आला, पण नुसता वर गेला. दुसऱ्यांदा तसंच. "कसं सोडू?" त्याने विचारलं. मला तोंडाने सांगता येईना. सांगायला ते मला कधी शब्दांत माहीतच नव्हतं. मग मी माझं मनगट त्याच्या डाव्या हातावर ठेवलं. मनगटात आता बऱ्यापैकी जीव आहे. त्याच्या हातासकट दांडी मागे ओढली, म्हणालो "दाब", आणि मग मनगट हळूहळू ढिलं करत गेलो.

रडका आला. अगदी तसाच.

आत कल्पना भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला आणि ती ओल्या हातांनी धावतच दारात आली. तिचा चेहरा असा मी लग्नानंतर पाहिला नव्हता. "तुमी वाजवलं?" असं ती म्हणता म्हणता तिला दिसलं, की कीबोर्डवरची बोटं गोलूची आहेत. मग हात पदराला पुसत आत गेली, आणि भांडी पुन्हा वाजू लागली.

गोलू खाली पाहत होता. "आणखी एकदा, भाऊ?"

मी मनगट उचलून मांडीवर ठेवलं. म्हणालो, "आता तू एकटा वाजव."

त्याने वाजवलं. थोडा चुकला, पुन्हा वाजवलं, आणि मग बरोबर आला, माझ्यासारखाच, खालून वर, हुंदका देत.

या वेळी कल्पना बाहेर आली नाही.